गाडीचे छायाचित्र आणि व्यापाऱ्याची पत

मोंढ्यातील व्यवहाराची रीत ठरलेली असते. सोयाबीनचा किंवा तुरीचा नमुना तळहातावर येतो, दाणा दाताखाली जातो, ओलावा पाहिला जातो आणि मग भाव बोलला जातो. माल आणि पारखणारा समोरासमोर असतात. जुन्या मोटारींच्या व्यापारात मात्र ही रीत उलटी झाली आहे. भोकरमध्ये उभ्या असलेल्या गाडीचा नमुना प्रथम फोनवरून हिमायतनगर, किनवट, उमरीला आणि सीमेपलीकडील भैंसा, निर्मलपर्यंत जातो. दहा छायाचित्रे आणि मिनिटभराची चित्रफीत पाहून ग्राहक दिवस मोडून, कधी ओळखीचा मेकॅनिक सोबत घेऊन येतो. प्रत्यक्ष गाडी चित्राशी जुळली तर सौदा निम्मा झालेला असतो. जुळली नाही तर तो रित्या हाताने परततो आणि गावात चार जणांना ते सांगतो. म्हणूनच, कोणता फोन आणि कोणते साहित्य घ्यावे हा प्रश्न हौसेचा नसून पेढीच्या पतीचा आहे.

फोन निवडताना विक्रेता सर्वप्रथम मेगापिक्सेलचा आकडा सांगतो. तो आकडा फसवा असतो. मुख्य कॅमेऱ्याचा संवेदक मोठा असणे आणि त्यात हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी ‘ओआयएस’ सुविधा असणे, या दोन गोष्टी अधिक मोलाच्या आहेत. अनेक स्वस्त फोनांवर तीन-चार भिंगे दिसतात. परंतु त्यांतील दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा बहुधा केवळ शोभेचा असतो. गाड्यांच्या कामाला तीन गोष्टी पुरतात : चांगला मुख्य कॅमेरा, गाडीच्या आतील भागासाठी रुंद कोनाचे भिंग आणि दुप्पट झूममध्येही स्वच्छ येणारे चित्र. साधारणतः वीस ते तीस हजारांच्या टप्प्यातील फोन हे काम करतो. साठवणूक मात्र आखडू नये. आयफोनच्या स्वतःच्या माहितीनुसार, प्रति सेकंद ३० चौकटींच्या फोर-के चित्रीकरणाला कार्यक्षम स्वरूपातही मिनिटाला सुमारे १७० एमबी जागा लागते, तर १०८० पी चित्रीकरणाला सुमारे ६० एमबी. व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या चित्रफितीसाठी १०८० पी पुरेसे आहे. छायाचित्रे पाठवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, तर त्यांची प्रत उतरत नाही.

गाडीचे चित्र बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे फार जवळ उभे राहणे. जवळून काढलेल्या चित्रात पुढचा बंपर फुगतो आणि मागचा भाग आखूड दिसतो. आठ-दहा पावले मागे सरकून दुप्पट झूम लावावा, फोन डोळ्यांच्या नव्हे तर हेडलाइटच्या उंचीवर धरावा. गाडी जशी आहे तशी दिसते. पांढऱ्या गाडीवर प्रकाश जास्त पडला की पत्र्यावरील पोचे आणि पुन्हा मारलेल्या रंगातील फरक पुसले जातात. त्यासाठी पडद्यावर गाडीला स्पर्श करून बोट दाबून धरावे, प्रकाशमान स्थिर करावे आणि किंचित कमी करावे.

उत्तम प्रकाश सकाळी लवकर आणि सायंकाळी सूर्य कलल्यावर मिळतो. परंतु ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा नियम आहे, तेथे सायंकाळची ती वेळ नेमकी ताटावर बसण्याची असते. चातुर्मासात तर हा नियम अधिक काटेकोर पाळला जातो. अशा पेढ्यांनी सकाळची वेळ धरावी. त्याचा आणखी एक लाभ आहे : रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन तेव्हा थंड असते आणि जाणता ग्राहक थंड इंजिनच पाहू इच्छितो. मे महिन्यातील दुपारी तर उन्हात फोन तापून चित्रीकरण स्वतःहून थांबते. तो वेळ वाया घालवण्यात अर्थ नाही.

साहित्याच्या बाबतीत परिग्रहाचे परिमाण येथेही उपयोगी पडते. पहिली खरेदी मजबूत ट्रायपॉडची असावी. तो हजार-दोन हजारांत मिळतो. दुसरी खरेदी कॉलरला लावायच्या बिनतारी माइकची. शेजारून ट्रक जात असताना बोलणाऱ्याचा आवाज स्वच्छ यावा, एवढेच त्याचे काम. तिसरी वस्तू फोनला चिमट्याने लागणारा पोलरायझर फिल्टर. तो फिरवला की समोरच्या काचेवरील चकाकी जाते आणि आतील डॅशबोर्ड दिसू लागतो. त्यातून बाजूच्या काचांवर कधी इंद्रधनुषी ठिपके दिसतात. तो टफन केलेल्या काचेचा गुणधर्म आहे, दोष नव्हे. यांशिवाय पॉवर बँक आणि मऊ मायक्रोफायबर कापड, कारण काळ्या मातीची धूळ भिंगावर बसली की महागडा फोनही धूसर चित्र देतो. चालत चित्रीकरण करण्यासाठी लागणारा गिम्बल मात्र पहिल्या वर्षी नसला तरी चालतो. शेडमधील दिव्यांखाली चित्रफितीत पट्टे लुकलुकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवल्यास ते थांबते.

चित्रफितीत काय असावे, हे ग्राहकाच्या प्रश्नांवरून ठरवावे. गाडीभोवती एक पूर्ण फेरी, चारही टायरांची नक्षी, बॉनेटखालचा भाग, किलोमीटरचा आकडा आणि थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होतानाचा अखंड तुकडा. हा तुकडा कापू नये आणि त्यावर संगीत घालू नये. बोलण्यासाठी माइकमधील गोंगाट कमी करण्याची सोय चांगली; परंतु इंजिनाचा आवाज घेताना ती बंद ठेवावी, कारण ती सोय ठोक्याचा आवाजही गाळू शकते. चालत्या गाडीचे चित्रीकरण नेहमी शेजारी बसलेल्याने करावे. वाहन चालवताना हाती फोन धरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे धोकादायक चालवण्यात मोडते. विकणाऱ्याचे आधार कार्ड किंवा घराचा पत्ता चित्रात येऊ देऊ नये आणि छायाचित्रातील स्थळाची नोंद बंद ठेवावी.

येथवरचा भाग साधनांचा झाला. खरी परीक्षा चित्र काढल्यानंतर सुरू होते. आजच्या फोनांत बोटाच्या एका फिरकीने चित्रातील नको ती वस्तू पुसून टाकण्याची सोय आहे. तारांचे जाळे किंवा मागे उभी असलेली दुचाकी पुसली, तर गाडीच्या स्थितीविषयी काही खोटे सांगितले जात नाही. त्याच बोटाने दरवाजावरील ओरखडा पुसला, तर मात्र चित्र गाडीचे राहत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे; अस्सलाच्या नावाखाली तसाच दिसणारा दुसरा माल देणे, असा त्याचा अर्थ. ओरखडा पुसलेले चित्र दाखवून ओरखड्याची गाडी देणे, याला दुसरे नाव शोधावे लागत नाही. त्याच यादीतील ‘हीनाधिक मानोन्मान’, म्हणजे खोटी मापे, हे किलोमीटरचा आकडा मागे फिरवण्याला तंतोतंत लागू पडते. आणि सर्व्हिसचा बनावट कागद दाखवणे ही सत्य व्रतातील ‘कूटलेखक्रिया’ होय. तराजू आणि वहीच्या काळातील हे शब्द फोनच्या पडद्यासमोरही तितकेच जिवंत आहेत. रेक्झिनच्या सीटला ‘लेदर’ म्हणणे हेही यातच येते. अहिंसक ग्राहकाला तर तो प्रश्न भावापेक्षा मोठा वाटू शकतो.

कायदाही याच दिशेने बोलतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत खोट्या वर्णनाबरोबरच महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपवण्याचाही समावेश आहे. म्हणजे खोटे न बोलता गप्प राहणेही सुटकेचा मार्ग नाही. तसेच नोंदणीकृत जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली अधिकृतता प्रमाणपत्र आवश्यक झाले असून ते पाच वर्षे चालते. गाडी ताब्यात घेताच नोंदणी प्राधिकरणाला त्याची सूचना द्यावी लागते. हे सोपस्कार पूर्ण झाल्यानंतरच गाडीचे चित्र बाहेर जावे.

व्यवहारात उतरवायचे तर एक साधा नियम पुरतो. प्रत्येक गाडीची वीस छायाचित्रे ठरवून घ्यावीत आणि त्यांतील शेवटची पाच केवळ दोषांची असावीत : पोचा, ओरखडा, गंज, झिजलेला टायर, फाटलेले आच्छादन. ओरखड्याशेजारी एक नाणे ठेवले की त्याची लांबीही कळते. नव्या पिढीतील मुला-सुनांकडे हे काम सोपवताना दोषांची पाच चित्रे कधीही वगळायची नाहीत, एवढे मात्र वडीलधाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. या पाच चित्रांमुळे काही ग्राहक येणार नाहीत. जे येतील ते दोष जाणून येतील, भावात त्यावरून घासाघीस थोडी होईल आणि गाडी नेल्यानंतर तक्रारीचा फोन सहसा येणार नाही. नांदेडच्या मोठ्या दालनांकडे रोषणाई अधिक असेल, कॅमेरेही महाग असतील. परंतु ‘त्यांनी दाखवले तसेच निघाले’ हे वाक्य किनवटच्या एखाद्या घरात बोलले गेले, तर पुढचा ग्राहक कोणतीही जाहिरात न पाहता भोकरची वाट धरतो.