शेवटचें कडवें गाळूं नये

संमेलनांत वेळ सरत आला म्हणजे गीताचें शेवटचें कडवें गाळण्याची चाल पडली आहे. ती आम्हांस अन्यायाची वाटते.

मोखाड्यास लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यांत, सिन्नर तालुक्यांतील देशवंडी येथें १९२२ सालीं लोकशाहीर वामनदादा कर्डक जन्मले. अक्षरओळख झाली ती मोठेपणीं, मुंबईस. पुढें २००४ सालीं निवर्तेपर्यंत त्यांनीं हजारों गीतें रचिलीं व गांवोगांव स्वतः गाइलीं. संतांच्या अभंगांप्रमाणें त्यांच्या कित्येक गीतांच्या अखेरीस ‘वामन’ ही मुद्रा असते. निरक्षरपणांतून वर आलेल्या कवीची ती सही होय. ती गळाली कीं गीत ‘पारंपरिक’ ठरतें. जव्हारकडील लग्नांत धवलेरी जीं गाणीं गातात, त्यांचे कर्ते आज कोण सांगूं शकेल? वेळ अपुरा असेल तर एखादें भाषण (आमचेंसुद्धां!) आखूड करावें.