पडद्यावरची शिकार, दाराबाहेरचा शिकारी

चाळिशी ओलांडलेल्या पिढीच्या गप्पांत अलीकडे एक हळहळ वारंवार ऐकू येते. ‘जुन्या दूरदर्शनची सर आताच्या शेकडो वाहिन्यांना नाही’ हे तिचे पालुपद. रामायण-महाभारतांच्या पाठोपाठ या हळहळीत आता रानावनाच्या कार्यक्रमांनाही मानाचे स्थान मिळाले आहे. दबा धरून बसलेला वाघ, हरणांच्या कळपावर झेपावणारा चित्ता, गळाला लागलेला प्रचंड मासा आणि धनुष्यासारखी वाकलेली काठी, ही दृश्ये पुन्हा पाहावयास मिळावीत, अशी अनेकांची इच्छा असते. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘जंगल बुक’ ही मालिका पुन्हा दाखवण्यास आरंभ केला, तेव्हा कित्येक घरांत बापाने मुलांना हाका मारून संचापुढे बसवले. मुले थोड्याच वेळात उठून गेली. बाप मात्र शेवटपर्यंत बसून राहिला. मी त्या बापांपैकीच एक आहे. म्हणूनच या हळहळीची थोडी झडती घ्यावी, असे वाटते.

पहिली गोष्ट अशी की, ज्याला शिकारीचा व मासेमारीचा कार्यक्रम म्हणता येईल असे काही महाराष्ट्राच्या दूरचित्रवाणीवर जवळजवळ नव्हतेच. अमेरिकेत ‘द अमेरिकन स्पोर्ट्समन’ हा कार्यक्रम १९६५ पासून १९८६ पर्यंत चालला. नामवंत नट, गायक व खेळाडू बंदूक किंवा गळ घेऊन रानात आणि नदीवर जात व लक्षावधी कुटुंबे घरबसल्या त्यांच्या शिकारीत सहभागी होत. इंग्लंडमध्ये जॅक हारग्रीव्हज यांच्या ‘आउट ऑफ टाउन’ या कार्यक्रमाने ग्रामीण जीवनाबरोबर गळाने मासे धरण्याच्या छंदाचीही गोडी लावली. तेथील वृद्ध पिढी या कार्यक्रमांच्या आठवणीने व्याकूळ होते, हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडे मात्र कालगणनेनेच निराळा खेळ केला. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली. वन्यजीव संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ती ९ सप्टेंबर १९७२ रोजी. आणि मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. अवघ्या २३ दिवसांचे अंतर! मराठी माणसाच्या घरात पडदा येण्यापूर्वीच कायद्याने बंदूक खाली ठेवावयास लावली होती.

मग आपण आठवतो ते काय? आपण आठवतो ती जनावराने केलेली जनावराची शिकार. १९९३ च्या सुमारास मूळची जपानी ‘जंगल बुक’ हिंदीत आली. गुलजारांचे शीर्षकगीत आणि शेरखानला लाभलेला नाना पाटेकरांचा आवाज यांमुळे ती घरोघरी पोहोचली. १९९५ मध्ये डिस्कव्हरी वाहिनी आली, १९९९ मध्ये ॲनिमल प्लॅनेट आली आणि आफ्रिकेतील सिंह आमच्या माजघरात गुरगुरू लागला. पुढे २००९ पासून ‘रिव्हर मॉन्स्टर्स’मधून जेरेमी वेड हे इंग्रज गृहस्थ जगभरच्या नद्यांत गळ टाकून राक्षसी मासे वर काढू लागले. यात मनुष्य शिकारी कोठे असलाच तर तो परदेशी, हौशी आणि पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देण्याइतका सुखवस्तू असे.

दुर्मिळतेचे मोल

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकवावा लागतो. तहानलेल्याला पाण्याचा पहिला पेला अमृतासारखा वाटतो, पाचवा नकोसा होतो. जुन्या कार्यक्रमांच्या थोरवीचा बराचसा भाग या नियमाने उलगडतो. चिखली तालुक्यातील आमच्या उंद्रीत माझ्या लहानपणी दूरचित्रवाणी संच मोजक्याच घरांत होते. आम्ही मुले जात असू त्या घरी कृष्णधवल संच होता. वाघाचे पट्टे आणि माकडाची पाठ एकाच करड्या रंगात दिसत. अर्ध्या वेळी एक जण छपरावर अँटेना फिरवीत असे आणि खाली दहा जण ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडत. वीज गेली की वाघ तेथेच अदृश्य होई. आठवड्यातून एकदा, अर्धा तास आणि तोही विजेच्या कृपेने, असा पुरवठा असल्यावर वस्तूचे मोल वाढणारच. शिवाय ती वस्तू एकट्याने उपभोगण्याची नव्हती. आज ज्या कार्यक्रमाची आपल्याला आठवण येते, त्यातील निम्मी आठवण त्या खोलीची, त्या गर्दीची आणि शेजाऱ्याच्या खांद्यावरून मान उंचावून पाहण्याची असते.

परंतु त्या खोलीला एक उंबरठाही होता. गावाबाहेर पालांवर राहणाऱ्या फासेपारध्यांपैकी एक मुलगा काही रविवारी तेथे येई. त्याला कोणी हाकलून दिल्याचे मला आठवत नाही. आत ये असे म्हटल्याचेही आठवत नाही. तो चौकटीला टेकून उभा राही. एकदा पडद्यावर शेरखान मोठ्या रुबाबात झाडीतून बाहेर पडला, तेव्हा तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, “वाघ आला अन् एक पाखरूही बोललं नाही!” आम्ही सर्वांनी त्याला गप्प केले. वाघ निघाला की वानर, मोर, चितळ आधी बोंब ठोकतात, हे मला कित्येक वर्षांनी पुस्तकात वाचावयास मिळाले. त्या खोलीत रानाविषयी काही खरे जाणणारा एकच जण होता, आणि तो उंबरठ्याबाहेर उभा होता.

ज्ञान कोणाचे?

हा प्रसंग लहानसा आहे. पण आपल्या स्मरणरंजनात काय गळून पडले आहे, हे तो नेमके सांगतो. तित्तर आणि लाव्हा कोणत्या वेळी कोणत्या बांधाने चालतो, सशाची वाट कशी ओळखावी, वाघूर कोठे लावावी, गायीला शिकवून तिच्या आडोशाने पाखरांजवळ कसे सरकावे, हे ज्ञान पारध्याने पिढ्यान्‌पिढ्या जपले. पाण्याच्या बाबतीत तेच भोई समाजाने केले. पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे कोणत्या ओहोळातून वर येतात, मरळ कोणत्या गाळात बसते, फेकजाळे कोणत्या पाण्यात पूर्ण उघडते, याची शाळा नदीकाठीच भरत असे. या ज्ञानाला पडद्यावर जागा मिळाली नाही. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांत मासा आलाच तर तो मत्स्यबीज, खाद्य आणि कर्ज यांच्या संगतीने येई. तो धरणाऱ्या माणसाचे हात क्वचितच दिसत.

पारध्यांच्या वाट्याला तर याहून कठीण दिवस आले. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पुढे पारधीही त्या यादीत अडकले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कागदावरून पुसला गेला. लोकांच्या मनातून तो आजही पुरता गेलेला नाही. त्यानंतर वीस वर्षांनी शिकारबंदी आली. ती आवश्यकच होती. रायफली, जीपगाड्या आणि प्रखर दिवे यांनी रानांची जी लूट चालवली होती, ती थांबवल्यावाचून गत्यंतर नव्हते. पण एकाच कायद्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. हौशी शिकाऱ्याचा छंद गेला, पारध्याची भाकरी गेली. पहिल्याने आठवणी लिहिल्या, दुसऱ्याचे नाव पोलीस ठाण्याच्या वहीत राहिले.

मराठी साहित्याने या बाबतीत अधिक मोठे मन दाखवले, हे नमूद केले पाहिजे. व्यंकटेश माडगूळकरांना एकेकाळी शिकारीचा नाद होता. पुढे ते ‘नागझिरा’पर्यंत आले ते रान नुसते पाहण्यासाठी. २०२५ मध्ये पद्मश्रीने गौरवले गेलेले आणि त्याच वर्षी आपल्यातून गेलेले मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी. पण ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचताना जाणवते की, तळ्याकाठच्या व रानातल्या माणसांना त्यांनी गुरू मानले होते. कागदाला जे साधले, ते पडद्याला का साधू नये?

लाभ सर्वांचा, भार काहींचा

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. त्याला हिशेबाचीही बाजू आहे. उंद्रीपासून फार लांब नसलेले ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक तरुण वाघ तेलंगणातील काही भाग ओलांडून, शेते, रस्ते व नाले पार करीत १३०० किलोमीटरहून अधिक चालून या ज्ञानगंगेत येऊन पोहोचला. त्याच्या गळ्यातील पट्ट्यामुळे हा प्रवास जगाला समजला. नकाशे छापून आले, देशोदेशीच्या वाचकांनी कौतुक केले. त्या वाटेवर रात्री कापसात आणि तुरीत जागलीला बसलेल्या शेतकऱ्यांचे नाव मात्र कोणत्याही नकाशावर नव्हते. हजारो शेतांच्या कडेने एक वाघ गेला आणि सुखरूप पोहोचला, याचे थोडे श्रेय त्यांनाही द्यावयास हवे.

वाघ वर्षातून एखाद्या वेळी येतो. रोही आणि रानडुकरे रोज येतात. सोयाबीनचे कोवळे कोंब, हरभऱ्याचे घाटे, मक्याची कणसे एका रात्रीत आडवी होतात. शेतकरी दिवसा राबतो आणि रात्री विजेरी घेऊन माचाणावर बसतो. त्या जागलीची मजुरी कोणत्याही उत्पादनखर्चाच्या तक्त्यात दिसत नाही. सरकारी भरपाईची तरतूद आहे. पण अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा यांत कित्येकांचा धीर सुटतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर वन्यजीव ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिच्या रक्षणाचा लाभ मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकालाही मिळतो. खर्चाचा मोठा वाटा मात्र रानाकडेचे शेतकरी, पारधी आणि मच्छीमार उचलतात. लाभ घेणारा खर्चात वाटेकरी होत नाही, तोवर त्याचे रानप्रेम हे उधारीवरचे प्रेम आहे.

पडद्याने मनात आणले तर हा हिशेब जुळू शकतो, याचा दाखला आपल्याच देशात आहे. माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावर होणाऱ्या देवमुशीच्या, म्हणजे जगातील सर्वांत मोठ्या माशाच्या, शिकारीवर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट २००० मध्ये काढला. पुढच्याच वर्षी या माशाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. परंतु काम कायद्यापाशी थांबले नाही. किनाऱ्यावरच्या कोळ्यांशी बोलणी झाली. जाळ्यात अडकलेली देवमुशी सोडण्यासाठी जाळे कापावे लागल्यास त्याची भरपाई देण्याची व्यवस्था झाली. ज्यांनी पूर्वी तिला मारले, त्यांनीच पुढे तिला सोडले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही संरक्षित जीव सोडताना कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची योजना २०१८ पासून आहे. वऱ्हाडातही असेच उदाहरण आहे. अकोला-वाशीम परिसरात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन गवताळ रानांचे आणि दुर्मिळ तणमोराचे रक्षण करीत आहे. जे डोळे पाखरू धरण्यासाठी तयार झाले, तेच ते राखण्यासाठी सर्वांत अधिक उपयोगी पडतात.

येथे कोणी आक्षेप घेईल की, शिकाऱ्याचे कौशल्य पडद्यावर दाखवणे म्हणजे शिकारीला उत्तेजन देणे नव्हे काय? हा आक्षेप गंभीर आहे. कातडी व हाडे यांचा व्यापार करणाऱ्या टोळ्यांना कोणतीही सहानुभूती दाखवण्याचे कारण नाही आणि शिकारबंदीत तसूभरही ढिलाई होता कामा नये. परंतु फासा कसा विणावा हे शिकवणे वेगळे आणि पाखराच्या हाकेवरून रान कसे वाचावे हे ऐकणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे ज्ञान आज वृद्धांबरोबर नाहीसे होत आहे. पालावरचा तरुण बांधकामावर मजुरीला जातो. भोयाचा मुलगा तलावाच्या ठेक्यातील अनिश्चित उत्पन्नाला कंटाळून शहर गाठतो. एकदा गेलेले हे भांडवल कोणत्याही अर्थसंकल्पातील तरतुदीने परत आणता येणार नाही.

म्हणून करावयाच्या गोष्टी फार अवघड नाहीत. सह्याद्री वाहिनीने आणि आकाशवाणीच्या केंद्रांनी परदेशी सिंहांसाठी राखलेल्या वेळेतील थोडा वेळ आपल्या पारध्यांना व भोयांना द्यावा. त्यांचे नाव घेऊन आणि रास्त मानधन देऊन द्यावा. ग्रामीण महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून त्यांच्या कथनांची ध्वनिमुद्रणे करून घ्यावीत. आमच्यासारख्या प्राध्यापकांनी तरी हे काम आपले मानावे. ज्ञानगंगेसारख्या अभयारण्यांत वाटाड्या आणि रक्षक नेमताना या समाजांतील तरुणांचा विचार आधी व्हावा. आणि पिकांच्या नुकसानीची भरपाई पुढचा हंगाम येण्यापूर्वी हातात पडावी. कारण रानाविषयीचे प्रेम उपाशीपोटी टिकत नाही.

जुन्या कार्यक्रमांची आठवण काढण्यात काहीच गैर नाही. मीही ते शीर्षकगीत ऐकू आले की क्षणभर थबकतो. पण ती आठवण काढताना ती खोली पूर्ण आठवली पाहिजे. आत बसलेले आम्ही, छपरावरचा अँटेना फिरवणारा आणि चौकटीला टेकलेला तो मुलगाही. तो आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. त्याच्या वस्तीवर मात्र अजूनही काही म्हातारी माणसे आहेत, ज्यांना पाखरांची बोली समजते. त्यांच्याकडे जाऊन बसण्यासाठी अँटेना फिरवावा लागत नाही, की वीज येण्याची वाट पाहावी लागत नाही.