निवडून आलेल्या नोकराला बिनपगारी रजा द्या



सरकारी नोकरासाठी आणखी काही मागायचे म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते. पडणारच. पाऊस येवो न येवो, ज्याचा पगार ठरल्या तारखेला होतो, त्याची बाजू कोरडवाहू शेतकऱ्याने का घ्यावी? तरी ही मागणी आपल्या हिताची आहे, म्हणून लिहितो.

महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ सालचे. त्यातल्या पाचव्या नियमाप्रमाणे सरकारी नोकर मत देऊ शकतो. पण निवडणूक विधानसभेची असो की ग्रामपंचायतीची, तिच्यात भाग घेऊ शकत नाही. उभे राहायचे तर आधी राजीनामा. हरला तर नोकरी गेली ती गेलीच.

नियम सगळ्यांना सारखा, पण बोचतो लहानालाच. वीस वर्षे भरलेला मोठा साहेब स्वेच्छानिवृत्ती घेतो आणि निवृत्तीचे लाभ पदरात पाडून तिकीट मागायला जातो. ज्याला आपण कृषी सहायक म्हणत आलो, तो दहा वर्षांच्या नोकरीचा पोरगा हा जुगार कसा खेळेल? त्याच्या पगारावर घरचे सोसायटीचे कर्ज फिटते. तो आपल्याच घरातला, कापूस विकून शिकवलेला. त्याला बांधून ठेवले की मैदान ठेकेदाराला मोकळे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कोणते औषध कशात मिसळू नये, हे शेतात उभे राहून शिकलेली माणसे कायदे करणाऱ्या सभागृहात नकोत काय?

जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेत ४८ वे कलम आहे. संसदेच्या उमेदवाराला प्रचारासाठी रजा मिळण्याचा हक्क आहे आणि खासदार झाला म्हणून कोणाला नोकरीवरून काढता येत नाही. सरकारी नोकर निवडून आला की त्याची नोकरी स्थगित राहते; ना काम, ना त्या नोकरीचा पगार. खासदारकी संपल्यावर तीन महिन्यांत अर्ज केला की त्याला परत घ्यावे लागते. मात्र संसदेत सरकारी नोकरांचीच गर्दी होते, ही तक्रारही तिथे जुनीच आहे. म्हणून आपली मागणी अटी घालूनच असावी.

पहिली अट : रजा बिनपगारी आणि एकाच मुदतीची. दुसरी : गेल्या तीन वर्षांत जिथे नोकरी केली, तिथून उभे राहता येणार नाही. पंचनाम्यावर ज्याची सही चालते, त्याने त्याच गावात मते मागू नयेत. तिसरी : त्याच्या जागी पहिल्या दिवसापासून बदली माणूस हवा. पेरणीच्या तोंडावर जागा रिकामी राहिली तर भोगतो आपण. चौथी : परतल्यावर पद तेच, मधल्या काळाची बढती नाही.

नोकर तटस्थ हवा, असे म्हणतील. खरेच आहे. पण रजेवरच्या माणसाच्या हाती शिक्का नसतो.

आणखी एक. कापूस वेचणारी बाई ग्रामपंचायतीवर निवडून येते, तेव्हा सभेच्या दिवशी तिची मजुरी बुडते. नोकराची नोकरी राखायची, तर तिची मजुरीही भरून द्या. जिल्हा बैठकीत दोन्ही मागण्या एकाच ठरावात मांडाव्यात. एक मान्य करून दुसरी टाळणार असतील, तर तो ठराव आपला नव्हे.