कोंबड्यांची लस पहाटे हवी

परसातल्या कोंबड्यांवर होणारा खर्च बहुतेक घरांत नको त्या जागी होतो. पिसे गळू लागली, अंडी थांबली, पायांवरचे खवले उचकटले की तालुक्याच्या दुकानातून टॉनिकची बाटली येते, जंताची पुडी येते. कधी घरातल्या माणसाच्या उरलेल्या अँटिबायोटिकचा तुकडाही भाकरीत कुस्करून चारला जातो. यातल्या पुष्कळशा तक्रारी फुकटात, नुसत्या हाताने आणि नजरेने आटोक्यात येणाऱ्या असतात. उलट जो रोग आठवड्याच्या आत अख्खे खुराडे रिकामे करतो, त्या मानमोडीवर बहुतेक घरांत एक रुपयाही खर्च होत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या सुमारे ८५ कोटी पाळीव पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातले होते, आणि आधीच्या गणनेपेक्षा त्यांची संख्या साधारण ४६ टक्क्यांनी वाढली होती. रोजची निगा पाळणाऱ्याने राखावी आणि मानमोडीची लस गावाने मिळून टोचावी, अशी वाटणी केल्याशिवाय हा पसारा निरोगी राहणार नाही.

आधी रोजच्या निगेचे पाहू, कारण तिथे गैरसमज फार आहेत. कोंबडीला साबणाने आंघोळ घालायची नसते. गच्चीवर हौसेने कोंबड्या पाळणारी शहरातली मंडळी हे प्रेमाने करतात आणि पक्ष्याला गारठवतात. ती आपली आपण धुळीत लोळून स्वच्छ होते. पिसांवरचे जादा तेल आणि उवा धुळीसोबत झडतात. पावसाळ्यात कोरडी माती मिळत नाही, तेव्हा घमेलेभर चाळलेली माती आणि चुलीतली राख छपराखाली ठेवली तरी पुरते. तांबड्या बारीक किडींचे प्रकरण वेगळे. त्या दिवसा खुराड्याच्या फटींत दडतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून पावडर कोंबडीला चोळून उपयोग नसतो. खुराडे रिकामे करून फटीफटींत उकळते पाणी ओतावे लागते, चुना मारावा लागतो. पायांचे खवले उचकटतात तेही त्यांखाली घर केलेल्या किडीमुळे. पाय कोमट पाण्याने धुऊन काही आठवडे खोबरेल किंवा व्हॅसलीन लावले की ती कीड गुदमरते. गच्चीच्या सिमेंटवर तळव्याला गाठ येते, त्यावर मलमापेक्षा पायाखाली माती आणि भुसा महत्त्वाचा. दिवस लहान होऊ लागले की पिसे गळणे आणि अंडी थांबणे हा आजार नाहीच. नवी पिसे घालायला तिला प्रथिने लागतात, सुकटीचा चुरा किंवा शेंगदाण्याची बुरशी न लागलेली पेंड द्यावी. पातळ कवचाची अंडी येऊ लागली तर शिंपल्यांचा चुरा ठेवावा. जंताचे औषध लागते, पण ते ठरावीक अंतराने आणि पशुवैद्याने सांगितलेल्या मात्रेत. रक्ती हगवणीला औषधच हवे, तीही बहुधा ओल्या भुशातून सुरू होते. हे सगळे वेळेवर दिसावे म्हणून आठवड्यातून एकदा, रात्री कोंबड्या शांत बसल्यावर, बॅटरीच्या उजेडात एकेक उचलून पंखाखाली, शेपटीखाली, पायांवर पाहावे आणि छातीचे हाड हाताला टोचते का ते चाचपावे. दुकानातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा या पाच मिनिटांची किंमत मी जास्त धरतो.

मानमोडीपुढे मात्र ही सगळी निगा तोकडी पडते. राणीखेत या नावाने पुस्तकांत असलेला हा रोग विषाणूचा आहे. हिरवट हगवण, धाप, लुळे पडलेले पंख, पिळवटलेली मान अशी त्याची लक्षणे, आणि एकदा लागण झाली की त्यावर औषध नाही. अँटिबायोटिक विषाणूला काही करत नाही, फक्त अंड्यांत उतरते. लस न मिळालेल्या खुराड्यात क्वचितच काही वाचते. लस आहे, जुनी आणि खात्रीची: पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीची सुई. पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेत कोंबड्यांच्या लसी तयारही होतात. पण कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, ती बर्फात न्यावी लागते आणि एकदा कालवली की एक-दोन तासांत संपवावी लागते. जिच्याकडे आठ कोंबड्या आहेत तिने ती विकत आणून करायचे काय? दुसरी अडचण त्याहून साधी आहे. दवाखाना उघडतो तोवर खुराडी मोकळी झालेली असतात आणि कोंबड्या रानभर पांगतात. त्या धरायच्या तर पहाटे, दार उघडण्याआधी.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की गावठी कोंबडी काटक असते, तिला लस कशाला. काटक ती आहेच. ऊन, अपुरे खाणे आणि घारीची झडप ती संकरित पक्ष्यापेक्षा चांगली सोसते. पण मानमोडी काटकपणा पाहत नाही. हळद-लसणाचा उतारा देणाऱ्यांशी माझे भांडण नाही, फक्त त्या भरवशावर लस टाळू नये. तिसरा आक्षेप वजनदार आहे: काही शे रुपयांच्या पक्ष्यासाठी सरकारी यंत्रणा का झिजवायची? एक कोंबडी म्हणून पाहिले तर तो बरोबर वाटतो. पण तिच्या अंड्यांतून वहीपेनाचा, दवाखान्याचा, एसटीच्या तिकिटाचा खर्च निघतो, आणि हा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातातला असतो. शासन योजनांमधून पिल्ले वाटते, म्हणजे त्यांची किंमत त्याला मान्य आहे. २०१९ साली सुरू झालेला राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम मात्र लाळ्या-खुरकूत, ब्रुसेल्लोसिस अशा रोगांसाठी आखला गेला. त्यात मानमोडीला जागा नव्हती.

मार्ग नवा शोधायला नको. मोझांबिकमध्ये गावातच प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी उष्णता बऱ्यापैकी सोसणाऱ्या लसीचे थेंब घरोघरी वर्षातून तीनदा देण्याची पद्धत बसवली, आणि पाळणाऱ्यांनी त्याचे किरकोळ पैसेही दिले. आपल्याकडे ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पशुसखी, म्हणजे जनावरांची निगा शिकलेल्या गावातल्याच बायका, आहेत. शंभर कोंबड्या म्हणजे एखाद्या वाडीतली दहा-बारा घरे. ठरल्या पहाटे पशुसखीने बर्फाचा डबा घेऊन निघायचे, घरोघर खुराडी बंद ठेवायची, आणि उजाडून ऊन वर येईपर्यंत कुपी संपवायची. दर पक्ष्यामागे एक-दोन रुपये घेतले तर तिची पहाटही फुकट जाणार नाही. आठवडी बाजारात आजारी कोंबडी स्वस्तात काढून टाकण्याची सवय, जिच्यामुळे रोग गावोगाव फिरतो, तीही अशा फेरीतच बोलून मोडता येईल. नव्या आणलेल्या पक्ष्याला दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवा, हेही तिथेच सांगता येईल. ही लस बर्ड फ्लूवर चालत नाही, हे आधीच स्पष्ट सांगावे, नाहीतर पहिल्याच साथीत तिच्यावरचा विश्वास उडेल. तरी त्या संकटातही पशुसखीच्या वहीचा उपयोग आहे. २००६ साली नवापूरच्या साथीत मोठ्या फार्मांबरोबर परसातले पक्षीही मारावे लागले होते. पुन्हा अशी वेळ आली, तर कुणाच्या घरी किती पक्षी होते आणि भरपाई किती द्यायची, याची नोंद त्या वहीत तयार असेल.