उद्याच्या कामगाराचा सौदा

‘तुमच्या पगाराला हात लावणार नाही, फक्त नव्याने भरती होणाऱ्यांना थोडे कमी देऊ,’ असे मालक म्हणू लागला की, संघटनेने सावध झाले पाहिजे. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातील किराणा-भांडारांच्या कामगारांनी या गोड प्रस्तावाची किंमत मोजली आहे.

ऑक्टोबर २००३ मध्ये व्हॉन्स व पॅव्हिलियन्स या भांडारांतील कामगार संपावर गेले. लगेच राल्फ्स व अल्बर्टसन्स यांनी टाळेबंदी पुकारली. संपामुळे एकाकडे जादा गिऱ्हाईक वळले तर ती कमाई वाटून घ्यावी, असा करार मालकांनी आधीच केला होता. एकजुटीचे महत्त्व मालकवर्गाला कोणी शिकवावे लागत नाही! वॉलमार्टची संघटनाविरहित दुकाने येणार, म्हणून खर्चकपात अटळ, ही त्यांची सबब होती. आरोग्यविम्याचा बोजा कामगारांनी उचलावा आणि नव्या कामगारांना खालची वेतनश्रेणी लावावी, हा त्यांचा आग्रह होता.

सुमारे ६०,००० कामगार साडेचार महिने झुंजले. अखेर फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांना दुहेरी वेतनश्रेणी पत्करावी लागली. टाळेबंदीच्या काळात कामगारांना खोट्या नावांनी छुपेपणाने कामावर घेतल्याची कबुली राल्फ्सने २००६ साली न्यायालयात दिली. पण तोवर करार होऊन गेला होता.

दुहेरी श्रेणीचे विष सावकाश भिनते. एकाच गल्ल्यावर, एकच काम करणारे दोघे. पण एकाचे मोल कमी. ज्या नव्या कामगाराचा हक्क सोडून दिला गेला, तो वाटाघाटींच्या वेळी हजर नव्हता, त्याला मतही नव्हते. अशा कामगाराने संघटनेला आपली का मानावी? शिवाय जुना कामगार महाग ठरल्याने त्याला घालवण्यातच मालकाचा फायदा असतो. म्हणजे ज्याला अभय मिळाले, तोही सुरक्षित राहत नाही.

कॅलिफोर्नियाच्या कामगारांनी हा धडा घेतला. २००७ च्या करारात त्यांनी दुहेरी वेतनश्रेणी रद्द करून घेतली. संपात गमावलेले त्यांनी पुढच्याच करारात परत मिळवले, ही गोष्ट लहान नव्हे.

न्याय्य कराराची कसोटी केवळ पगारवाढीच्या आकड्यात नाही. जो कामगार अजून कामावर रुजू झालेला नाही, त्याच्या हक्काचे रक्षण ज्या करारात होते, तोच करार सही करण्याच्या लायकीचा.