उजव्या पायाचा संयम

पेट्रोलचा भाव वाढला की सरकारला दोष द्यावयाचा, आणि दोष देऊन होताच पूर्वीच्याच बेपर्वाईने मोटार हाकावयाची, हा आमच्या सुशिक्षित नागरी समाजाचा परिपाठ होऊन बसला आहे. भावावर टीका करण्याचा नागरिकांचा हक्क आम्ही नाकारीत नाही. पेट्रोलच्या किमतीत केंद्र व राज्य यांच्या करांचा वाटा मोठा आहे, व त्याविषयी बोललेच पाहिजे. परंतु ज्या देशाला आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते, त्या देशात इंधनाचा अपव्यय ही निव्वळ खाजगी बाब राहत नाही. १९७३ साली अरब राष्ट्रांनी अमेरिकादी देशांचा तेलपुरवठा रोखला तेव्हा काही महिन्यांतच तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले, आणि अमेरिकेसारख्या संपन्न राष्ट्रालाही १९७४ साली ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा स्वतःवर घालून घ्यावी लागली. संपन्नांना जे शहाणपण संकटाने शिकविले, ते आपण संकटाची वाट न पाहता का शिकू नये?

अपव्यय होतो कोठे, हे प्रथम पाहू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटरने गेल्यास तो विरोध दीडपटीहून अधिक होतो. आणि दर ८० किलोमीटरमागे वाचतात ती अवघी बारा मिनिटे! मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वाचविलेली ही मिनिटे पुढे टोलनाक्यावर किंवा शहराच्या वेशीवरील कोंडीत किती जणांच्या पदरात उरतात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शहरात वेग कमी असतो, पण तेथे अपव्ययाचे स्वरूप निराळे. सिग्नल सुटताच उसळी घ्यावयाची आणि दोनशे पावलांवर पुन्हा करकचून ब्रेक लावावयाचा, म्हणजे पेट्रोल जाळून मिळविलेली गती ब्रेकच्या उष्णतेत घालवावयाची. पुढचा दिवा लाल दिसताच पाय उचलला, तर तेच अंतर तितक्याच वेळात, पण कमी खर्चात कापले जाते.

उभ्या गाडीचे इंजिन तासाला सहा दशांश लिटर पेट्रोल पिते असे धरले, तरी रोजची वीस मिनिटे वर्षाच्या तीनशे दिवसांत ६० लिटर होतात. शाळेच्या फाटकापाशी वातानुकूलन चालू ठेवून मुलांची वाट पाहत बसणाऱ्या पालकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. चाकांतील हवा पंधरवड्यातून एकदा, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या मापाप्रमाणे भरून घ्यावी. टपावरील रिकामे कॅरिअर काढून ठेवावे. आणि कोपऱ्यावरून भाजी आणावयास मोटार काढूच नये, कारण थंड इंजिन पहिल्या एकदोन किलोमीटरांतच सर्वांत उधळे असते.

एका घातक समजुतीचा मात्र येथे खंडनपूर्वक उल्लेख केला पाहिजे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी किंवा इंजिनच बंद करावे, म्हणजे पेट्रोल वाचते, असे अद्यापही अनेक जाणते चालक सांगतात. कार्बोरेटरच्या काळात तीत काही तथ्य असेल. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनात ते उलटे आहे. गिअर टाकलेला असून पाय उचललेला असला, तर उतारावर इंधनाचा पुरवठा जवळजवळ पूर्णतः थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. शिवाय इंजिनाचा अटकाव गेल्याने सारा भार ब्रेकवर येऊन ते तापतात, आणि इंजिन बंद केल्यास ब्रेकचे व सुकाणूचे साहाय्यही जाते. खंडाळ्याच्या किंवा कुंभार्लीच्या उतारावर चमचाभर पेट्रोलासाठी प्राण पणाला लावणे ही काटकसर नव्हे, अविचार आहे.

यावर कोणी म्हणेल की, रस्त्यांत खड्डे, सिग्नलांत मेळ नाही, पेट्रोलात २० टक्के इथेनॉल. मग चालकानेच संयम का पाळावा? आक्षेप खरा आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच उष्मा असतो, म्हणून मिश्रणाने अंतर काहीसे घटणारच, आणि ती घट ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगणे हे शासनाचे कर्तव्य आहे. एका सिग्नलावरून सुटलेली वाहने पुढच्याही सिग्नलावर हिरवा दिवा पाहतील अशी वेळेची आखणी करणे, हे महापालिका व वाहतूक पोलीस यांचे काम आहे. ते होत नाही याबद्दल त्यांना जाब विचारलाच पाहिजे. परंतु दुसऱ्याने कर्तव्य केले नाही म्हणून आपले सोडून द्यावे, हा न्याय आपण आपल्या मुलांनाही शिकवीत नाही.

वाचकांस आमची सूचना साधी आहे. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा टिपून ठेवा, महिनाभर पाय सांभाळून गाडी चालवा, आणि पुन्हा टाकी भरताना भागाकार करा. १९७८ साली स्थापन झालेला पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ ज्या गोष्टी वर्षानुवर्षे सांगत आला आहे, त्यांची प्रचीती घरच्या वहीत येईल. वाचलेला पैसा घरात राहील, वाचलेले परकीय चलन देशात राहील, आणि दर लिटरमागे हवेत जाणारा सव्वादोन किलोहून अधिक कर्बवायू तितका कमी होईल. भाववाढीविरुद्ध ज्यांना आवाज उठवावयाचा आहे त्यांनी तो अवश्य उठवावा. ज्याच्या हातात असा हिशेब आहे, त्याच्या आवाजाला वजनही अधिक येईल.