रुळण्याचे दिवस

परदेशी शिकावयास निघालेल्या विद्यार्थ्याचा आपल्याकडे सत्कार होतो, आणि पदवी घेऊन तो परतला की पुन्हा एकदा होतो. या दोन सत्कारांच्या मधल्या काळाविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. तो काळ भाड्याच्या खोलीत, ग्रंथालयात आणि पुष्कळदा एखाद्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात भांडी घासण्यात गेलेला असतो. त्यातले एकच वाक्य आपल्यापर्यंत पोहोचते: ‘सध्या वेळ नाही.’ या वाक्याचा अर्थ आपण चुकीचा लावतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

मी मुकुंदवाडीत राहतो. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रस्त्यालगतचे हे एकेकाळचे खेडे. शहराने ते कधीच पोटात घेतले. एका अंगाला सिडको, दुसऱ्या अंगाला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आणि पलीकडे विमानतळ. विमाने आमच्या डोक्यावरून जातात, पण त्यांत बसणारी माणसे या वस्तीत थोडी. त्यामुळे माझी एक जुनी विद्यार्थिनी दोन वर्षांपूर्वी सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी इंग्लंडात, लीड्सला निघाली, तेव्हा गल्लीत मांडव घालायचा तेवढा बाकी होता. वडील कारखान्यात कामगार. शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढलेले. सत्कारात मीही बोललो, आणि जे सगळे बोलतात तेच बोललो.

तीन-चार महिन्यांनी तिचे वडील दारात उभे राहिले. ‘सर, पोरगी बोलंना झाली. फोन केला की म्हणती, पप्पा, नंतर करते.’ मी त्यांची समजूत घातली; पण मनात माझ्याही तेच आले होते. मुले तिकडे गेली की बदलतात, हे आपण इतक्यांदा ऐकलेले असते की ते आपल्याला अनुभवासारखे वाटू लागते. वस्तुस्थिती एवढीच होती की दुसरी पाळी संपवून ते घरी येत आणि रात्री साडेअकराला फोन लावत. तिथे त्या वेळी संध्याकाळचे सहा वाजलेले असत, आणि पोरगी कामावर निघालेली असे. घड्याळाचा हा हिशेब दोघांनीही मांडला नव्हता.

मी तिला पत्र लिहिले. ‘कशी आहेस’ असे विचारले तर ‘बरी आहे’ एवढेच उत्तर येणार हे ठाऊक होते. म्हणून ‘गेल्या मंगळवारी दिवसभर काय केलेस ते लिही’ असे विचारले. दहा दिवसांनी दोन पानांचे उत्तर आले. व्याख्यान दोनच तासांचे, पण त्याआधी चाळीस पाने वाचून जायचे. दुपारी गटाचे काम. गटातल्या चौघांचे इंग्रजी चार तऱ्हांचे. संध्याकाळी उपाहारगृह. अभ्यासक्रम चालू असताना विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तासांवर काम करता येत नाही, आणि खोलीचे भाडे तर त्यातूनच काढायचे. अभ्यासक्रम वर्षाचा, म्हणजे रुळायला फार तर दोन महिने. आणि शेवटी तिने लिहिले होते: पहिल्या निबंधात सात अभ्यासकांची मते नीट मांडली होती. प्राध्यापकांनी समासात विचारले, ‘यात तुमचे म्हणणे कोणते?’ ‘सर, माझे म्हणणे लिहायचे असते हेच मला माहीत नव्हते.’

हे वाक्य मला झोंबले, कारण तिला द्वितीय भाषा म्हणून मराठी मीच शिकवले होते. कवीचे निसर्गप्रेम, कवितेची भाषाशैली, कवितेतील सामाजिक आशय, असे मुद्दे मी सांगत गेलो आणि ती उतरवून घेत गेली. माझीच मते मला सुवाच्य अक्षरात परत मिळाली की मी तिला चांगले गुण देत असे. आता ती ज्या कामात बुडाली होती त्यातले निम्मे काम नवे शिकण्याचे होते. उरलेले निम्मे आम्ही लावलेली सवय मोडण्याचे होते.

मधल्या काळाविषयीची ही उदासीनता जुनी आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, हे आपण सांगतो. मार्च १८८६ मध्ये त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली आणि पुढच्याच फेब्रुवारीत वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या वारल्या, हेही सांगतो. फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडीत त्यांनी अभ्यास कसा केला असेल, याला मात्र आपल्या भाषणांत एखादे वाक्य मिळते. प्रवासवर्णनांचे आपल्याकडे उदंड पीक आले. पण प्रवाशाची नजर वेगळी आणि भाडे थकलेल्या विद्यार्थ्याची वेगळी.

या शहराला तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मधला काळ विशेष जवळचा वाटायला हवा. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. पहिल्या वसतिगृहातले जेवण मानवेना म्हणून त्यांनी ते लवकरच सोडले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याची सोबत मिळाली आणि ती मैत्री जन्मभर टिकली. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. ही यादी आपण ज्ञानतृष्णेचा पुरावा म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यावर मुदतीचीही छाया आहे. शिष्यवृत्ती संपली तेव्हा, १९१७ साली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईत नोकरी करून, पैसे साठवून आणि कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा गेले, आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले.

या यादीहूनही महत्त्वाचा वाटतो तो ९ मे १९१६ चा दिवस. प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला. वय पंचवीस. सेनार्त, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चार अभ्यासकांच्या व्याख्या त्यांनी तपासल्या, त्यांतले उणे दाखवले आणि जातीचे मर्म जातीतल्या जातीत विवाह करण्यात आहे, हे स्वतःचे प्रमेय मांडले. यातले केतकर म्हणजे पुढे ज्ञानकोशकार म्हणून आपल्याला परिचित झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांनीही जातिसंस्थेचा अभ्यास अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात केला होता, आणि त्यांचा ग्रंथ १९०९ साली निघाला होता. एका मराठी विद्यार्थ्याच्या मताची दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याने अमेरिकेतल्या वर्गात चिकित्सा केली. आदर राखून, पण भीड न ठेवता. ‘यात तुमचे म्हणणे कोणते?’ या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

१९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने याच शहरात महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद. आपण त्यांच्या अठरा-अठरा तासांच्या अभ्यासाचे दाखले मुलांना देतो. ते तास ज्या वर्गात, ज्या प्रश्नोत्तरांत सार्थ झाले, तसा वर्ग मात्र आपण मुलांना देत नाही.

यावर माझे सहकारी म्हणतील की वर्गात ऐंशी मुले, निम्मे अध्यापक तासिका तत्त्वावर, आणि परीक्षेचा साचा ठरलेला. अशात मुलाचे म्हणणे ऐकायचे कधी? ही अडचण खरी आहे आणि तिचे उत्तर एकट्या अध्यापकाच्या हाती नाही. तरीही ती पूर्ण सबब होऊ शकत नाही. गेल्या वर्षापासून मी महिन्यातून एकदा मुलांना एकच परिच्छेद लिहावयास सांगतो: ही कविता तुला पटली का, का नाही? पहिल्या खेपेस निम्म्या मुलांनी एकमेकांचे उतरवून काढले. तिसऱ्या खेपेस एका मुलाने लिहिले की कविता आवडली नाही, कारण तीत पाऊस सुंदर आहे आणि आमच्या घरात तो गळतो. मी त्याला वर्गात ते वाचावयास सांगितले.

मुलीचे शिक्षण पुरे झाले आहे. तिचे वडील आता रविवारी दुपारी फोन करतात. पुढच्या महिन्यात ती गावी येईल तेव्हा वस्तीतली मंडळी पुन्हा सत्कार करणार आहेत आणि मला बोलावयास सांगितले आहे. मी त्यांना कळवले आहे की या वेळी भाषण नको. तिच्या त्या मंगळवारचे पत्र तिनेच वाचून दाखवावे. ती तयार आहे. भांडी घासण्याचा मजकूर वगळावा, अशी सूचना मात्र आत्ताच दोघांकडून आली आहे.